वेगळ्या सालाचं इंजिन बसवल्यावर पिकअप पेटत नाही, किंवा चेक इंजिनचा दिवा परत परत लागतो: नेमकं काय तपासायचं

इंजिन उतरवलं, दुसरं चढवलं. माउंटिंगचे बोल्ट सरळ गेले, कप्लर आपापल्या जागी बसले, ऑइल आणि कूलंट भरलं, सेल्फ मारला. इंजिन फिरतंय, पण पेटत नाही. नाहीतर पेटतं, चालवायलाही बरं वाटतं, आणि दोन दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागतो. कोड पुसला की दिवा जातो, आठवड्यात परत हजर. मग क्रँक सेन्सर बदलला जातो, पाठोपाठ कॅम सेन्सर, मग कॉइल, मग फ्युएल पंप. नवे पार्ट येत राहतात, कोड मात्र तोच राहतो.

ही तक्रार इतक्या वेळा समोर आली आहे की एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. कुणाचे पैसे आणि आठवडे वाचले तर बरंच आहे.

पिकअपच्या इंजिनाचं एक घराणं दहा-पंधरा वर्षं चालतं. ब्लॉकचा आकार, माउंटिंगच्या जागा, गिअरबॉक्सकडचे बोल्ट फारसे बदलत नाहीत. बदलतात त्या बारीक गोष्टी: क्रँकवरच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावरच्या) दातेरी चाकाचे दात, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरवरच्या खुणा, नॉक सेन्सरची (इंजिनातली ठोक ऐकणाऱ्या सेन्सरची) जात, इंजेक्टरचा प्रवाह, तापमान सेन्सरचा रेझिस्टन्स. आपल्याला बाहेरून इंजिन तेच दिसतं. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, इंजिन दिसत नाही, त्याला फक्त तारांतून येणारं व्होल्टेज कळतं. ते व्होल्टेज त्याच्या हिशेबात बसलं नाही की तो ज्या तारेवर गडबड दिसते त्या तारेचं नाव घेऊन कोड टाकतो. आपण त्या नावाचा सेन्सर बदलतो. सेन्सर मुळात चांगलाच असतो.

म्हणून माझा नियम असा: गाडीत जो ईसीयू आणि जी वायरिंग राहणार, त्याच सालाचे सेन्सर, इंजेक्टर, इनटेक मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल बॉडी इंजिनाच्या अंगावर चढवायचं. आणलेल्या इंजिनाचं लोखंड तेवढं घ्यायचं, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हेड. जुन्या इंजिनावरून बाकीचं सगळं उतरवून नव्यावर बसवायला अख्खा दिवस जातो, आणि बरेच जण तो दिवस वाचवायला जातात. तिथेच पुढची रखडपट्टी सुरू होते.

पण नियम पाळूनही अडकायला होतं, कारण एक सिग्नल लोखंडातच दडलेला असतो. तो क्रँकचा.

आधी इंजिनाचं खरं साल शोधा

विकणारा जे साल सांगतो ते बहुतेक वेळा ज्या गाडीतून इंजिन काढलं त्या गाडीचं असतं, आणि त्या गाडीतही ते आधी कुणी बदललेलं असू शकतं. उत्तर अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीच्या १७ अक्षरी व्हिन नंबरात (गाडीच्या ओळख क्रमांकात) दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं असतं आणि आठवं सहसा इंजिनाचा प्रकार सांगतं. २००१ ते २००९ या वर्षांसाठी दहाव्या जागी १ ते ९ अंक येतात, २०१० पासून पुन्हा ए पासून अक्षरं. मॉडेल वर्ष आणि गाडी बनल्याचं वर्ष एकच असेल असं नाही. २००५चं मॉडेल २००४च्या उत्तरार्धातही बनलेलं असतं. ब्लॉकवरचा ओतीव नंबर फक्त ओतकाम कोणतं ते सांगतो, आत काय भरलंय ते नाही.

साल कळलं तरी ते पुरेसं नसतं. शेवरले सिल्व्हराडो बघा. २००७ साली दोन वेगळ्या सिल्व्हराडो विकल्या गेल्या: जुन्या बॉडीची ‘क्लासिक’ तिसऱ्या पिढीच्या व्ही८ इंजिनासह, आणि नव्या बॉडीची चौथ्या पिढीच्या इंजिनासह. दोन्हींच्या कागदावर २००७. फोर्ड एफ-१५०चंही २००४ला तसंच झालं: जुन्या बॉडीची ‘हेरिटेज’ आणि नवी एफ-१५०, आणि नव्या गाडीच्या ५.४ लिटर इंजिनात एका सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह आणि बदलतं कॅम टायमिंग आलं. जुन्या ५.४ला दोनच व्हॉल्व्ह. लिटर तेच, साल तेच, इंजिन पूर्ण वेगळं. डॉजच्या ट्रकमधलं ५.९ लिटर कमिन्स १९९८च्या मधेच १२ व्हॉल्व्हवरून २४ व्हॉल्व्हवर गेलं. म्हणून त्या ट्रकना लोक ‘साडेअठ्ठ्याण्णव’ म्हणतात. एवढ्यासाठी विचारताना नुसतं साल विचारू नका. व्हिनचं आठवं अक्षर, बॉडी जुनी की नवी, आणि इंजिन अजून गाडीत असेल तर सेन्सर कुठे कुठे बसलेत त्याचे फोटो मागा.

क्रँकचं दातेरी चाक

क्रँकबरोबर एक चाक फिरतं, इंग्रजीत त्याला रिलक्टर म्हणतात. त्याचे दात सेन्सरसमोरून जातात आणि प्रत्येक दाताला एक पल्स मिळतो. कुठेतरी दात गाळलेला किंवा वेगळ्या रुंदीचा असतो, त्यावरून ईसीयूला क्रँकची जागा कळते. ३६ दातांतले दोन गाळलेले, ३६ मधला एक गाळलेला, ६० मधले दोन गाळलेले असे बरेच प्रकार चालू आहेत. ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये यातला एकच प्रकार लिहिलेला असतो. दुसरा आला तर त्याला इंजिन फिरतंय एवढं कदाचित कळतं, पण पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कधी वर येतो ते कळत नाही. मग तो स्पार्क देत नाही, इंजेक्टरही उघडत नाही.

जीएमच्या (जनरल मोटर्सच्या, शेवरले त्यांचीच) व्ही८ इंजिनांत हा बदल अगदी स्पष्ट आहे. तिसऱ्या पिढीत क्रँकच्या एका फेऱ्यात २४ पल्स, चौथ्या पिढीत ५८, म्हणजे ६० दातांतले दोन गाळलेले. दोन्हींत चाक क्रँकच्या मागच्या टोकाला, ब्लॉकच्या आत. सेन्सर स्टार्टरच्या मागे, दोन्हींत जवळपास त्याच जागी. २४ वाल्याचा सेन्सर काळा असतो, ५८ वाल्याचा करडा. पहिल्याला १२ व्होल्टचा पुरवठा लागतो, दुसऱ्याला ५. संक्रमणाच्या काळात, २००५-०६च्या आसपास, मिश्रणंही सापडतात. म्हणून साल बघून अंदाज करू नका आणि सेन्सरच्या रंगावरही विसंबू नका, कारण सेन्सर कुणीही बदललेला असू शकतो.

चाक डोळ्यांनी बघा. स्टार्टर उतरवा, सेन्सरचा एक बोल्ट काढून सेन्सर बाहेर ओढा, त्या भोकातून टॉर्च आणि छोटा आरसा घालून बघा, आणि दुसऱ्याला पुढून पान्यानं क्रँक हळूहळू फिरवायला सांगा. २४ वाल्या चाकावर दातांच्या दोन ओळी शेजारी शेजारी दिसतात, दात जाडबारीक असतात. ५८ वाल्यावर एकच ओळ, दात बारीक आणि सारखे, आणि एका ठिकाणी दोन दातांएवढी मोकळी जागा. हे काम अर्ध्या तासाचं आहे. इंजिन अजून स्टँडवर असेल तर पाच मिनिटांचं.

माझ्याकडे एक ट्रक आला होता. मालकानं स्वतः इंजिन बदललं होतं, काम स्वच्छ होतं, एकही बोल्ट कमी नव्हता. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरायचं, पेटायचं नाही, स्कॅनरवर पी०३३६, म्हणजे क्रँक सेन्सरच्या सिग्नलचा कोड. तोवर त्यानं तीन क्रँक सेन्सर बदलले होते, त्यातला एक थेट कंपनीचा महागडा. इंजिन विकणाऱ्यानं ‘तुमच्याच सालाचं आहे’ असं सांगितलं होतं. आम्ही स्टार्टर काढला, भोकातून बघितलं, आणि बारीक दातांची एकच ओळ दिसली: चाक ५८ वालं, ईसीयू २४ वाला. तिन्ही सेन्सर चांगले होते. तो माणूस बराच वेळ तिथेच बसून होता, काही बोलला नाही. त्याची दोन महिन्यांची मेहनत होती. तेव्हापासून मी कुणालाही इंजिन चढवायच्या आधी चाक बघायला सांगतो, आणि ज्यांनी आधीच चढवलंय त्यांना पुढचा कुठलाही पार्ट घ्यायच्या आधी.

चाक जुळत नसेल तर

चार रस्ते आहेत. पहिला, इंजिन खोलून क्रँकवरचं चाक बदलणं. चाक क्रँकवर घट्ट दाबून बसवलेलं असतं. ते काढून नवं गरम करून, नेमक्या कोनात, साच्यात धरून बसवावं लागतं. कोन जरा चुकला तरी सगळं टायमिंग चुकतं. इंजिन तसंही बेअरिंग-रिंगसाठी खोलणार असाल तर हा रस्ता उत्तम, नुसत्या चाकासाठी इंजिन खोलणं मला पटत नाही.

दुसरा, सिग्नल बदलणारा इलेक्ट्रॉनिक डबा. जीएमच्या इंजिनांसाठी ५८ आणि कॅमच्या ४ पल्सवरून २४ आणि १ पल्स बनवून देणारे असे डबे मिळतात. चांगल्या प्रतीचा डबा व्यवस्थित चालतो. पण तो इंजिनाजवळच्या उष्णतेपासून आणि कॉइलच्या वायरींपासून लांब बसवा, आणि त्याची अर्थिंग ईसीयूच्या अर्थिंगबरोबरच घ्या. डब्याची अर्थिंग बॉडीला आणि ईसीयूची इंजिनाला, असं केलेल्या गाड्या रेस दिल्यावर मिसिंग करताना पाहिल्यात.

तिसरा, इंजिनाच्या सालाचा ईसीयू आणि वायरिंग आणणं. ऐकायला हे सगळ्यात शुद्ध वाटतं, पण त्याबरोबर गिअरबॉक्सचं कंट्रोल, ॲक्सिलरेटर पेडल, मीटर, चोरीविरोधी लॉक असं सगळं एकेक करून उभं राहतं. जुन्या गाडीत थ्रॉटलची केबल असेल आणि नव्या ईसीयूला इलेक्ट्रॉनिक पेडल हवं असेल तर पेडलही बदलावं लागतं. वायरिंगचा आराखडा हातात असेल आणि वेळ असेल तरच यात उतरा.

चौथा रस्ता म्हणजे इंजिन परत करून योग्य ते घेणं. इंजिन अजून गाडीत गेलं नसेल तर मी हाच सुचवतो.

काही इंजिनांत दात क्रँकवर नसून फ्लायव्हीलवर किंवा फ्लेक्सप्लेटवर (ऑटोमॅटिक गाडीत फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या पातळ चकतीवर) असतात, आणि सेन्सर बेलहाउसिंगमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचातून, बघतो. तिथे सुटका सोपी आहे: स्वतःच्या जुन्या इंजिनाची फ्लायव्हील लावा. फक्त क्रँकच्या मागच्या टोकाचे बोल्ट जुळतात का ते आधी बघा. फोर्डच्या ४.६ लिटर व्ही८मध्येच दोन कारखान्यांच्या इंजिनांत फरक आहे, एकात फ्लायव्हीलला सहा बोल्ट आणि दुसऱ्यात आठ.

इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तेव्हा

स्कॅनर लावा, लाइव्ह डेटामध्ये आरपीएम बघत सेल्फ मारा. १५० ते २५० च्या आसपास स्थिर आकडा दिसला तर क्रँकचा सिग्नल ईसीयूपर्यंत पोचतोय. शून्य दिसला तर सिग्नल पोचत नाही किंवा समजत नाही. आकडा वेड्यासारखा उड्या मारत असेल तर दात चुकीचे आहेत, नाहीतर अर्थिंग खराब आहे.

शून्य असेल तर आधी सेन्सरच्या कप्लरवर पुरवठा आहे का ते मल्टिमीटरनं मोजा. दोन तारांचा सेन्सर स्वतः वीज बनवतो, त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो. तीन तारांचा हॉल प्रकारचा असतो. त्याला पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल अशा तीन तारा, आणि त्याचा रेझिस्टन्स मोजून काहीच कळत नाही. दोन तारांच्या सेन्सरच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर इंजिन कधी पेटतं, पण टायमिंग भरकटतं, आणि माणूस डिस्ट्रिब्युटर नाहीतर टायमिंग चेन खोलत बसतो. ऑसिलोस्कोप मिळाला तर सगळा वाद दोन मिनिटांत मिटतो: एका फेऱ्यातले पल्स मोजा, गाळलेली जागा शोधा, आणि ती ईसीयूच्या सालाच्या नमुन्याशी ताडून बघा.

इंजिन पेटून दोन सेकंदांत बंद पडत असेल तर क्रँकच्या मागे लागू नका. ते बहुतेक वेळा चोरीविरोधी लॉकचं लक्षण असतं, आणि ईसीयू बदलला असेल तरच त्याची शक्यता जास्त.

अर्थिंगकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. हेडच्या मागून फायरवॉलला जाणारी विणलेली पट्टी इंजिन उतरवताना सुटते आणि चढवताना हात पोचत नाही म्हणून राहून जाते. बॅटरीच्या निगेटिव्हवर एक टोक, ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडावर दुसरं टोक ठेवून सेल्फ मारताना व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थिंग नीट करा, बाकी सगळं नंतर. रंग दिलेल्या ब्लॉकवर पट्टी कसली असेल तर तिथला रंग खरवडून काढा.

पेटतं, चालतं, पण दिवा परत येतो

कोड लिहून घ्या, लगेच पुसू नका. कोड लागला तेव्हाचं तापमान, लोड, आरपीएम स्कॅनर साठवून ठेवतो. पुसलात की ते सगळं जातं.

पी०३०० (मिसफायर, म्हणजे सिलिंडर नीट न पेटणं) आणि त्याबरोबर पी०३१५, किंवा जुन्या जीएम गाड्यांत पी१३३६ (क्रँक व्हेरिएशन शिकलेलं नाही). ही जोडी मला सगळ्यात जास्त वेळा दिसली आहे, आणि लोक तिच्यामागे कॉइल आणि प्लग बदलत सुटतात. ईसीयू मिसफायर ओळखतो ते क्रँकच्या वेगातल्या बारीक चढउतारांवरून. प्रत्येक दातेरी चाकात बनवण्यातला किंचित फरक असतो, आणि तो ईसीयूनं शिकून ठेवलेला असतो. इंजिन बदललं की चाक बदललं. जुना हिशेब आता लागू नाही. स्कॅनरमधून क्रँक व्हेरिएशन पुन्हा शिकवावं लागतं. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही दाबलेले, स्कॅनरवर प्रक्रिया सुरू करून स्थिर रेस वाढवत न्यायची. एका ठरावीक आरपीएमला ईसीयू स्वतः इंधन तोडतो, त्या क्षणी पाय उचलायचा. इंधन तुटल्यावर पाय उचलायला उशीर झाला तर ते नोंदलं जात नाही आणि परत करावं लागतं. साध्या कोड-रीडरमध्ये ही सोय नसते. ज्याच्याकडे मोठा स्कॅनर आहे त्याच्याकडून एकदा करून घ्या. हे न करता बदललेला प्रत्येक प्लग वाया जातो.

पी०३२५ ते पी०३३२ या पट्ट्यातले कोड नॉक सेन्सरचे. पुन्हा जीएमच्याच इंजिनांचं उदाहरण: तिसऱ्या पिढीत नॉक सेन्सर इनटेकखाली, दोन हेडच्या मधल्या खाचेत, एका तारेचे, चौथ्या पिढीत ब्लॉकच्या बाजूंना, दोन तारांचे, आणि आवाज ओळखण्याची पद्धतही वेगळी. जुन्या ईसीयूला जुन्या पद्धतीचाच सेन्सर हवा. जुना सेन्सर ब्लॉकच्या बाजूला लावायचा असेल तर आटा जुळतो का ते आधी बघा, मग वायर लांबवायची आणि जोडावर टाका मारून उष्णता सोसणारी नळी चढवायची. नॉक सेन्सरचा बोल्ट टॉर्क पान्यानंच कसा. कमी-जास्त कसला तरी सेन्सरला इंजिनाचा आवाज चुकीचा ऐकू येतो आणि ईसीयू टायमिंग मागे ओढत राहतो. गाडीला जोर राहत नाही, आणि कोडही येत नाही.

पी०३४१ किंवा पी००१६ म्हणजे कॅम आणि क्रँकचा मेळ नाही. टायमिंग चेन एका दातानं सरकलेली असू शकते, हे नाकारत नाही. पण वेगळ्या सालाच्या इंजिनात आधी कॅमच्या गिअरवरच्या खुणा मोजा. एक पल्स हवा असलेल्या ईसीयूला चार पल्सचा गिअर लावलात तर मेळ कधीच बसणार नाही. गिअर बदलायला गेलात तर कॅमला तीन बोल्ट आहेत की एक, ते कव्हर उघडल्याबरोबर बघा. दोन्ही प्रकार आहेत आणि गिअर एकमेकांना बसत नाहीत. कॅम सेन्सरची जागाही बदललेली असते, आधी इनटेकच्या मागे होता, नंतर पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये आला.

नव्या इंजिनात बदलतं कॅम टायमिंग असेल आणि ईसीयूला ते माहीतच नसेल, तर फेजर (कॅमचा कोन बदलणारा भाग) जागेवर लॉक करणारा भाग बसवावा लागतो. तो मोकळा ठेवून गाडी चालवू नका. सिलिंडर बंद करण्याची सोय असलेल्या जीएम इंजिनाचं तसं नाही. त्यातल्या सोलेनॉइडला वीज मिळाली नाही की आठही सिलिंडर चालूच राहतात, म्हणून जुना ईसीयू ते इंजिन नेहमीच्या व्ही८सारखं चालवतो. कुणी सांगितलं की आधी ते सगळे लिफ्टर काढून टाका, तर निदान गाडी पेटवण्यासाठी त्याची गरज नाही.

मिश्रण पातळ किंवा जाड असल्याचे कोड, पी०१७१, पी०१७४, पी०१७२, पी०१७५. पातळ असेल तर इनटेकच्या गॅस्केटवर हवा ओढली जाते का ते बघा. वेगळ्या सालाच्या हेडवर जुना मॅनिफोल्ड बसवताना पोर्टचा आकार जुळला नाही तर असं होतं. जाड असेल तर फ्युएल रेल आणि इंजेक्टर कुणाचे आहेत ते बघा. जुन्या पद्धतीत प्रेशर रेग्युलेटर रेलवर असतो आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जातं. नव्या पद्धतीत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि परतीची नळी नसते. जुन्या टाकीच्या गाडीवर नवी रेल लावलीत तर प्रेशर अडवणारं काहीच उरत नाही, पंप जेवढं देईल तेवढं रेलमध्ये साठतं. गेज लावून मोजा आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. इंजेक्टर स्वतःच्या जुन्या इंजिनाचेच घाला, साफ करून, नव्या ओ-रिंगसह.

ऑक्सिजन सेन्सरचंही एक सांगतो. त्याचा आटा बहुतेक गाड्यांत १८ मिलिमीटरचा असतो, म्हणून जुना साधा सेन्सर आणि नवा एअर-फ्युएल सेन्सर एकमेकांच्या जागी सहज बसतात. बसतात म्हणून चालतात असं नाही, दोघांचा सिग्नल पूर्ण वेगळा.

तापमानाचे सेन्सर तपासायची एक बिनखर्चाची रीत आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी स्कॅनर लावा आणि कूलंटचं व आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही बाहेरच्या हवेइतकी, एकमेकांपासून दोन-तीन अंशांच्या आत हवीत. कूलंट दहा अंशांनी वेगळं दिसलं तर त्या सेन्सरचा रेझिस्टन्स ईसीयूच्या तक्त्यात बसत नाही. थंड इंजिन सकाळी अडखळतं आणि गरम झाल्यावर नीट चालतं, अशा कितीतरी गाड्यांचं मूळ एवढ्या छोट्या सेन्सरात निघालं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर, बोल्ट कसण्याआधी

हे कोडचं नाही, पण इथे झालेली चूक सुधारता येत नाही. जीएमच्या १९९९-२०००च्या, लोखंडी हेड असलेल्या ६.० लिटर इंजिनाच्या क्रँकचं मागचं टोक इतरांपेक्षा सुमारे १० मिलिमीटर जास्त बाहेर आहे. त्या जागी दुसरं इंजिन येतं तेव्हा फ्लेक्सप्लेट आणि मधला स्पेसर जुळवावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडल्यावर टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं काम करणारा, तेलानं भरलेला भाग) हातानं मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेटला टेकण्यासाठी साधारण ३ ते ५ मिलिमीटर पुढे ओढावा लागला पाहिजे. अजिबात जागा नसेल आणि बेलहाउसिंगचे बोल्ट कसून जागा ‘बंद’ केलीत, तर गिअरबॉक्सचा पंप पहिल्याच सेल्फला जातो. बेलहाउसिंगमध्ये फट उरली तर बोल्टनं ओढू नका. गिअरबॉक्स मागे घ्या, कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत पूर्ण बसवा आणि मगच पुन्हा जोडा.

डिझेल पिकअप

पूर्ण यांत्रिक पंपाचं जुनं डिझेल असेल तर वरचं जवळपास काहीच लागू नाही. १२ व्हॉल्व्हचं ५.९ कमिन्स चालायला इंजिनाचा ईसीयू लागत नाही, इंधन तोडणाऱ्या सोलेनॉइडला वीज मिळाली की पुरतं. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी, ईसीयूवर चालणारी पद्धत) आलं की क्रँकच्या दातांचा सगळा विचार परत येतो, आणि त्यात इंजेक्टरच्या कोडची भर पडते. बऱ्याच कॉमन रेल इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-अंकांचा कोड छापलेला असतो. तो इंजेक्टर नेमकं किती डिझेल सोडतो याची ती दुरुस्ती असते आणि स्कॅनरमधून सिलिंडरच्या क्रमानं ईसीयूत भरावी लागते. इंजिन बदललं आणि जुनेच कोड ईसीयूत राहिले तर इंजिन थंडीत ठोकतं, आयडलिंगला थरथरतं, धूर सोडतं, आणि कोणी म्हणतं इंजेक्टर गेले. इंजिन गाडीत चढवण्याआधी प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्याचा फोटो काढा, नंतर तिथे कॅमेरा घुसत नाही.

ग्लो प्लगही तपासा. काही नव्या इंजिनांचे सिरॅमिक ग्लो प्लग १२ पेक्षा बऱ्याच कमी व्होल्टवर चालतात. जुन्या गाडीच्या थेट १२ व्होल्टच्या रिलेला जोडले तर ते थोड्याच वेळात जळतात, आणि टोक तुटून सिलिंडरमध्ये पडलं तर पिस्टन जातो.

दुरुस्ती झाली हे कधी मानायचं

कोड पुसून दिवा विझला म्हणजे काम झालं असं धरू नका. पुसल्यावर ईसीयू आपल्या सगळ्या तपासण्या नव्यानं सुरू करतो, आणि त्या पूर्ण होईपर्यंत दिवा लागण्याचं कारण असलं तरी तो विझलेला राहू शकतो. स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस’ नावाचा तक्ता असतो. थंड स्टार्ट, शहरातली फेरी, मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेग, पुन्हा थंड स्टार्ट अशा काही फेऱ्यांनंतर तिथल्या सगळ्या ओळी पूर्ण झालेल्या दिसल्या पाहिजेत, आणि ‘पेंडिंग’ कोडचा तक्ता रिकामा असला पाहिजे. पेंडिंगमध्ये एखादा कोड असेल तर पुढच्या काही दिवसांत तोच दिवा लावू शकतो.

इंजिन नंबर बदललाय, त्याची नोंद गाडीच्या कागदांवर करून घ्या, आणि नव्या इंजिनाला ज्या सालाचे प्रदूषणाचे नियम लागू होतात ते तुमच्याकडे चालतात का ते खरेदीआधी विचारा.

आणि जुनं इंजिन तोवर कुणाला देऊ नका, भंगारातही नाही. रेडिनेसच्या सगळ्या ओळी पूर्ण होईपर्यंत त्याचा कॅम गिअर, क्रँक सेन्सर, नॉक सेन्सर, तापमानाचे सेन्सर, इंजेक्टर, फ्लेक्सप्लेट, अर्थिंगची ती पट्टी, यातलं काहीही लागू शकतं, आणि तुमच्या ईसीयूला बिनचूक जुळणारे हे पार्ट खात्रीनं त्याच एका इंजिनावर आहेत.